हॉर्नेट, दोन-दोन-तीन की दोन-चार-तीन? एका रायफलीकडून दोन कामे घ्यायची असतील तर

विट्याजवळच्या एका गावातील तरुण सध्या न्यूझीलंडमध्ये, कँटरबरी भागातील दुभत्या जनावरांच्या मोठ्या शेतावर नोकरीला आहे आणि त्याला तिथला बंदूक परवाना नुकताच मिळाला आहे. शेतावर सशांचा उपद्रव मोठा आहे, डोंगराकडच्या कुंपणापाशी वॅलबी (कांगारूच्या कुळातले लहान जनावर) आणि रानशेळ्या येतात, आणि जवळच्या क्लबात तीनशे यार्डांपासून पुढच्या पल्ल्यांवर नेमबाजीचे सामने होतात. दोन्ही कामांना पुरेल अशी एकच लहान बोअरची (नळीच्या भोकाच्या व्यासाची) सेंटरफायर रायफल, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणारी, घ्यायची झाल्यास .२२ हॉर्नेट, .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० आणि .२४३ विंचेस्टर यांपैकी कोणती घ्यावी, आणि पुढेमागे ती गावी आणता येईल का, असे त्याने विचारले आहे. माझी नोकरी सैन्यात झाली, तिची बरीच वर्षे नेमबाजीच्या संघात गेली, आणि आता साताऱ्यात मी मुलांना रायफल शिकवतो. मुलीकडे ऑस्ट्रेलियात राहिलो तेव्हा तिथल्या क्लबात, त्यांच्या देखरेखीखाली, दोन हिवाळे .२२३ चालवली. पुढील उत्तर त्या अनुभवावर बेतलेले आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ठाम आहे. गावी आणता येईल या हिशोबाने ही रायफल घेऊ नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना व्यक्तीचा आणि विशिष्ट शस्त्राचा असतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि सैन्याच्या बोअरविषयी कायदा पहिल्यापासून संशयी आहे. सैन्याची जुनी .३०३ सामान्य माणसाला मिळत नव्हती म्हणूनच इशापूरच्या कारखान्याची .३१५ आपल्याकडे घरोघरी दिसते. .२२३ ही सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाची सख्खी बहीण असल्यामुळे तिच्या वाट्यालाही तोच संशय येणार. शिकारीचे तर बोलायलाच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडे शिकार बंद आहे. पाटण-जावळीत गवे आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात, शिराळ्याच्या उसात बिबट्याची मादी विते, हे खरे असले तरी त्यावर उपाय करण्याचा अधिकार वनखात्याच्या लेखी आदेशाने मिळतो, खांद्यावरच्या परवान्याने नाही. तेव्हा रायफल तिथली, काम तिथले आणि कायदाही तिथला, असे धरूनच पुढचा विचार करावा.

आता मूळ प्रश्न. विचारणाऱ्याने चार काडतुसांची नावे दिली, परंतु रायफलीच्या नळीतील आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ किती असावा हे विचारले नाही. माझ्या मते एक रायफल दोन्ही कामे करील की नाही हे बोअरपेक्षा पिळावर अधिक ठरते, आणि दुकानात बहुतेकजण नेमके हेच विचारायचे विसरतात.

त्यासाठी आधी वजनाची भाषा पाहू. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. विट्याच्या माणसाला ते समजावणे सोपे आहे, कारण त्या भागातील गलाईवाले सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरलेले आहेत आणि तोळा-मासा त्यांच्या घरात रोजचा आहे. जुना सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. हॉर्नेटची नेहमीची ४५ ग्रेनची गोळी तीन माशांची, .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी पावणेचार माशांना किंचित कमी, आणि त्याच .२२३ मधून सामन्यासाठी जाणारी ७७ ग्रेनची गोळी पाच माशांहून थोडी अधिक. या सगळ्या गोळ्यांचा व्यास जवळपास एकच, ०.२२४ इंच, असतो. व्यास तोच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते, आणि गोळी जितकी लांब तितकी तिला हवेत सरळ राहण्यासाठी जोरात फिरवावी लागते. भोवरा मंद फिरू लागला की डुलतो आणि शेवटी आडवा होतो, तसेच हे आहे.

पीळ १:१२ म्हणजे नळीत बारा इंच पुढे जाताना गोळीचा एक पूर्ण फेरा होतो, १:८ म्हणजे आठ इंचांतच. .२२३ च्या जुन्या शिकारी रायफली बहुधा १:१२ च्या असत. त्यांतून ५५ ग्रेनपर्यंतची गोळी उत्तम जाते. ६९ ग्रेनची गोळी घातली की ती डुलू लागते, आणि ७७ ची घातली तर कागदावर गोल छिद्राऐवजी आडवे, चावीच्या भोकासारखे छिद्र दिसते. ऑस्ट्रेलियातील क्लबात हा प्रकार मी स्वतः केला आहे. उसन्या रायफलीचा पीळ न विचारता शेजाऱ्याची जड काडतुसे घेतली, दहापैकी तीन गोळ्या लक्ष्यफलकावर लागल्याच नाहीत, आणि सैन्यात इतकी वर्षे काढूनही आपला हात बिघडला असे मला अर्धा तास वाटत राहिले. पुढे चौथे छिद्र आडवे पाहिले तेव्हा प्रकाश पडला. १:९ चा पीळ ६९ ग्रेनपर्यंत साधारण निभावतो. १:८ मध्ये हलकी ५५ ची आणि जड ७७ ची, दोन्ही नीट जातात. १:७ हा त्याहून जड गोळ्यांसाठी आहे. एकाच रायफलीकडून सशाचे आणि सामन्याचे काम घ्यायचे असेल तर १:८ चा पीळच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जड गोळीचा एवढा अट्टहास कशासाठी, तर वाऱ्यासाठी. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा असताना ५५ ग्रेनची गोळी तीनशे मीटरवर चाळीस सेंटिमीटरांहून अधिक बाजूला जाते. ७७ ग्रेनची गोळी सावकाश निघते, तरीही ती तेहतीसच्या आसपासच सरकते. आंतरराष्ट्रीय तीनशे मीटर लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त दहा सेंटिमीटर व्यासाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या फरकाचे मोल कळते. वारा मोजताना होणारी चूक जड गोळी थोडीफार पोटात घालते, हलकी गोळी ती चूक मोठी करून दाखवते. कँटरबरीच्या मैदानावरचा वारा मी पाहिलेला नाही, पण कासच्या पठारावर उभे राहून ज्याने टोपी सांभाळली आहे त्याला उघड्या माळाच्या वाऱ्याविषयी अधिक सांगायला नको.

आता चार काडतुसांकडे येऊ. हॉर्नेट हे काडतूस १९३० पासून बाजारात आहे आणि माझे त्याच्यावर प्रेम आहे, हे आधीच कबूल करतो. पुंगळी (दारू भरायची धातूची नळी) लहान, दारू अकरा ते तेरा ग्रेन, आवाज बेताचा, धक्का जवळजवळ नाहीच. ४५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा हजार ज्यूलच्या आतबाहेर असते, साध्या .२२ रिमफायरची (बुडाच्या कडेवर आघात होणाऱ्या काडतुसाची) ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास असते, त्याच्याशी ताडून पाहावे. दीडशे मीटरपर्यंत सशासाठी यापेक्षा सभ्य काडतूस मला माहीत नाही, आणि ससा खायचा असेल तर मांसाची नासाडीही कमी होते. मात्र दोनशे मीटरच्या पुढे ते थकते. त्याचा नेहमीचा पीळ १:१६ असल्यामुळे जड गोळी त्याला झेपत नाही. तीनशे यार्डांच्या सामन्यासाठी हॉर्नेट घेणे म्हणजे लुना घेऊन आंबेनळी घाट चढण्याची हौस आहे.

हॉर्नेटविषयी एक गोष्ट गावाकडच्यांसाठी सांगतो, कारण जुन्या घराण्यांत परवान्यावर चालत आलेल्या हॉर्नेट रायफली अजून आढळतात. काही वर्षांपूर्वी फलटणकडचे एक गृहस्थ आजोबांची रायफल आणि तिच्यासोबत पस्तीस-चाळीस वर्षांची काडतुसे घेऊन माझ्याकडे आले. परवाना, वारसनोंद वगैरे सगळे रीतसर होते. पहिल्याच काडतुसाचा चाप दाबला, नुसता टिक् असा आवाज झाला, आणि ते बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) उघडणार तोच मी त्यांचा हात धरला. नळी लक्ष्याकडेच राहू दिली. दोन-तीन श्वासांत बार उडाला. काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी जुनी झाली की ठिणगी उशिरा पोहोचते, आणि त्या अवधीत बोल्ट उघडला तर पुंगळी तोंडावर फुटते. काडतूस उडाले नाही तर किमान तीस सेकंद नळी लक्ष्याकडे धरून थांबावे, हा नियम सैन्यात शिकवतात तो उगाच नाही. शिवाय अगदी सुरुवातीच्या हॉर्नेट रायफलींची नळी ०.२२४ ऐवजी ०.२२३ इंचाची असे, त्यामुळे जुनी रायफल हाती आली तर नळी मोजून घेतल्याशिवाय नवी काडतुसे वापरू नयेत.

.२२-२५० रेमिंग्टनने १९६५ मध्ये बाजारात आणले, पण हौशी लोक ते त्याआधी कितीतरी वर्षे घरी भरून वापरत होते. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ११०० मीटरहून अधिक वेगाने जाते आणि अडीचशे मीटरपर्यंत नेम वर-खाली करण्याची फारशी गरज पडत नाही. मोकळ्या रानात लांबच्या सशावर ते काडतूस बेजोड आहे. मात्र ते .२२३ च्या पंचवीस ग्रेन दारूऐवजी पस्तीसहून अधिक ग्रेन दारू त्याच व्यासाच्या भोकातून जाळते, आणि सामन्यात वीस-वीस गोळ्या लागोपाठ झाडल्या की नळीचा चेंबरकडचा (काडतूस बसते त्या खणाकडचा) भाग तापून लवकर झिजतो. जुन्या धाटणीच्या रायफलींत पीळही १:१४ चा असतो, म्हणजे जड गोळी पुन्हा बाद. शिकारीपुरते घ्यावे, सामन्यासाठी घेऊ नये.

.२४३ विंचेस्टर हे १९५५ चे, .३०८ ची मान आवळून बनवलेले काडतूस. १०० ग्रेनची गोळी, म्हणजे जवळजवळ पावणेसात मासे, २६०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा घेऊन निघते. हरणासाठी तेच योग्य. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणाला .२४० पेक्षा लहान बोअर कायद्याने चालत नाही, अमेरिकेत कोलोरॅडोने.२४ ही किमान मर्यादा ठेवली आहे. जर्मनीत छोट्या रो हरणाला शंभर मीटरवर हजार ज्यूल पुरतात, पण मोठ्या खुरांच्या जनावराला ६.५ मिलिमीटर आणि दोन हजार ज्यूल लागतात. वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या वाटांनी गाठलेला हा निष्कर्ष अनुभवातून आलेला आहे: लहान बोअरची गोळी जनावर मारते, पण चुकीच्या जागी लागली तर त्याला जखमी करून पळू देते. न्यूझीलंडचे व्यावसायिक शिकारी .२२३ ने हरणेही पाडतात, हे मला ठाऊक आहे. ते लोक वर्षात जितक्या गोळ्या झाडतात तितक्या तुम्ही दहा वर्षांत झाडणार नाही, म्हणून त्यांचे अनुकरण करू नका. पण विचारणाऱ्याने हरणाचे नाव घेतलेले नाही. सशाला .२४३ म्हणजे ढेकणाला तोफ, आणि सामन्यात तिचा धक्का, खर्च व नळीची झीज तिन्ही जाणवतात. हरणाची वेळ आलीच तर जाणत्या माणसासोबत, त्याच्या देखरेखीखाली त्याची रायफल वापरावी.

म्हणून .२२३. हे काडतूस १९६४ मध्ये नागरी बाजारात आले आणि आज जगात कुठेही, कुठल्याही वजनाच्या गोळीत, इतरांहून स्वस्तात मिळते. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने आणि १७०० ज्यूलच्या वर ऊर्जेने निघते, तीनशे यार्डांवर तिच्यात सहाशे ज्यूलच्या आसपास उरते. ससा, वॅलबी आणि दीडशे मीटरच्या आतली रानशेळी एवढ्यासाठी ते पुष्कळ झाले. दुसरे कारण सामन्याचे आहे आणि माझ्या दृष्टीने तेच निर्णायक. न्यूझीलंडसह राष्ट्रकुलातील बहुतेक क्लबांत चालणाऱ्या एफ-क्लास या, दुर्बिणीची रायफल टेकवून लांबच्या पल्ल्यावर झाडण्याच्या प्रकारात एफ-टीआर नावाचा वर्ग आहे. त्यात रायफल दुपायीवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर) ठेवून झाडतात आणि फक्त .२२३ व .३०८ ही दोनच काडतुसे चालतात. .२२-२५० किंवा .२४३ घेतली तर नवख्याला एकदम खुल्या वर्गात, महागड्या खास रायफलींसमोर उभे राहावे लागते. .२२३ घेतली तर शेतावरची रायफल शनिवारी क्लबात तशीच नेता येते. वजनाची मर्यादा दुपायीसकट सव्वाआठ किलो आहे, तिच्या जवळपासही तुम्ही जाणार नाही.

एक सावधगिरी. सैन्यातील ५.५६ आणि .२२३ बाहेरून एकसारखी दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा अधिक असते आणि तिची काडतुसे त्या हिशोबाने भरलेली असतात. .२२३ चे काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये चालते. उलट करू नये, दाब वाढतो. सैन्याची ५.५६ ची इन्सास रायफल हाताळलेल्या आमच्यासारख्यांना हे दोन्ही एकच वाटते, म्हणून मुद्दाम लिहिले. विकत घेताना नळीवर कोरलेली अक्षरे स्वतः वाचावीत.

रायफल कोणती, यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. बोल्टची घ्यावी, न्यूझीलंडमध्ये २०१९ नंतर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदीच आहे, आणि शिकणाऱ्याला बोल्टच बरा, कारण प्रत्येक गोळीपूर्वी हात थांबतो. टिक्काची टी३एक्स .२२३ मध्ये १:८ आणि १:१२ अशा दोन्ही पिळांत येते, तेव्हा नुसते नाव सांगून पैसे देऊ नयेत. पातळ नळी डोंगरात हलकी वाटते, पण पाच गोळ्यांनंतर तापते आणि गोळ्यांचा पुंजका वर चढू लागतो. सामन्याची जाड नळी पाठीवर घेऊन दिवसभर कुंपणे ओलांडणे जिवावर येते. मधली जाडी, वीस ते बावीस इंच लांबी आणि दुर्बिणीसकट चार-साडेचार किलो वजन, यात दोन्ही बाजूंना थोडी थोडी तडजोड होते. चाप एक ते दीड किलोच्या दरम्यान, स्वच्छ तुटणारा असावा; शिकारीला त्याहून हलका चाप नको, थंडीत बोटे बधिर असतात. नळीच्या तोंडाला बाहेरून आटे पाडलेले असतील तर उत्तम, कारण न्यूझीलंडमध्ये त्यावर आवाज दाबणारी नळी बसवणे कायदेशीर आहे. ती नसेल तर कानाला संरक्षण लावल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. माझा उजवा कान ऐन पंचविशीत गेला. त्या काळी कानात कापूस घालणाऱ्याला भित्रा म्हणत.

दुर्बिणीवर रायफलीच्या निम्म्याहून कमी पैसे घालू नयेत. चार ते सोळा पटींपर्यंतची, बाजूने पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) जुळवता येणारी आणि उंची-वाऱ्याची चाके ऐकू येतील अशी टकटक वाजणारी असावी.

काडतुसे निवडताना दोन वेगळ्या पिशव्या ठेवाव्यात, एक शेताची आणि एक क्लबाची. सशाला पातळ कवचाची, लागताच फुटणारी ५० किंवा ५५ ग्रेनची गोळी घ्यावी. ती मातीवर किंवा दगडावर आदळली तरी बहुधा चुरा होते, रिमफायरच्या शिशाच्या गोळीसारखी उसळून भलतीकडे जात नाही. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे, म्हणून मागे मातीचा उतार नसेल तर चाप दाबू नये. रानशेळीला तीच पातळ गोळी घातली तर खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटते आणि जनावर हाल होऊन मरते; तिच्यासाठी जाड कवचाची किंवा सबंध तांब्याची गोळी घ्यावी. सामन्याची ७७ ग्रेनची गोळी जनावरावर वापरू नये. ती कागदासाठी घडवलेली असते, मांसात कशी वागेल याची खात्री नसते.

रायफल हाती आल्यावर पहिल्या दिवशी शंभर मीटरवर प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा गोळ्या झाडाव्यात. दुकानदार तीन गोळ्यांचा नाण्याएवढा पुंजका दाखवतो, पण तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात, दहा पडत नाहीत. शंभर मीटरवर दहा गोळ्या तीन सेंटिमीटरांत आल्या, तर तीनशेवर, वारा वजा केला, तर त्या नऊ सेंटिमीटरांत येतील, म्हणजे दहाच्या वर्तुळात जेमतेम मावतील. एवढे कारखान्यात बनलेल्या चांगल्या रायफलीकडून मिळायला हवे. शेताच्या काडतुसावर दोनशे मीटरला नेम बांधला तर शंभरवर गोळी चार-पाच सेंटिमीटर वर आणि तीनशेवर वीसहून अधिक सेंटिमीटर खाली लागेल. क्लबाचे काडतूस घालताना चाकावर किती टकटक फिरवायचे हे एकदा पक्के करून दस्त्यावर चिकटपट्टीला लिहून ठेवावे. नळी दर चाळीस-पन्नास गोळ्यांनी पुसावी, आणि पुसल्यानंतरच्या पहिल्या दोन गोळ्या कागदावर मोजू नयेत, जनावरावर तर मुळीच झाडू नयेत.

पहिल्या दहा गोळ्यांचा कागद, त्यावर काडतुसाचे वजन, अंतर आणि वाऱ्याची दिशा लिहून मला पाठवा. पुंजका उभा पसरला आहे की आडवा, हे पाहिल्याशिवाय चाप, दारू आणि श्वास यांपैकी कशात सुधारणा हवी ते सांगता येणार नाही.